समोरच्याची खेळी

बुद्धिबळें खेळणाऱ्या मंडळींत कधींकधीं एक चमत्कारिक व्रत घेतलें जातें. काळीं मोहरीं घेऊन बसावयाचें, आणि पांढऱ्यानें जी खेळी केली असेल तीच आपल्या बाजूनें करावयाची, असें हें व्रत. त्यानें घोडा काढला कीं आपण तोच घोडा काढावा; त्यानें उंट पुढें आणला कीं आपणहि तोच उंट आणावा; खेळाचे नियम आड येईपर्यंत स्वतःची म्हणून एकहि खेळी करूं नये. ऐकणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. परंतु त्याच्या पोटांत जो प्रश्न दडला आहे तो पोरकट नाहीं. ज्याच्याशीं सामना आहे त्याचेंच अनुकरण करून त्याची बरोबरी साधतां येते काय? येत असल्यास कोठपर्यंत? आणि अनुकरण फसत असल्यास तें नेमकें कोणत्या क्षणीं फसतें?

नागपूरच्या वाचकांस हा प्रश्न दोन कारणांनीं जवळचा वाटावा. ज्या शहराच्या मध्यभागीं सीताबर्डीची टेकडी उभी आहे, त्या शहरानें शत्रूची युद्धविद्या उचलण्याच्या एका मोठ्या प्रयोगाचा शेवट १८०३ ते १८१७ या वर्षांत जवळून पाहिला. आणि त्याच शहरानें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत बुद्धिबळाच्या जगास असे खेळाडू दिले कीं ज्यांचीं नांवें आज घरोघर ठाऊक आहेत. म्हणून आधीं पटावरचा हिशेब नीट पाहूं, आणि मग तोच हिशेब इतिहासास कितपत लागू पडतो तें तपासूं.

आज सर्वत्र रूढ असलेल्या खेळांत दोन्ही राजे एकाच उभ्या पट्टींत समोरासमोर असतात आणि दोन्ही वजीरहि समोरासमोर असतात. पटाच्या मध्यावर एक आरसा उभा धरला तर पांढऱ्या सैन्याचें जें प्रतिबिंब दिसेल तेंच काळें सैन्य होय. त्यामुळें येथें नकलेचा अर्थ सरळ आहे: आरशांतल्या माणसानें करावें तसें करणें. व्रतस्थ खेळाडूचा युक्तिवादहि वरवर पाहतां बिनतोड आहे. आरंभीं दोन्ही बाजू समान. प्रतिपक्षानें समता मोडली कीं माझी खेळी ती पुन्हां जुळविते. मग मी हरणार कसा?

एकोणिसाव्या शतकांतील कूटरचनाकारांनीं, आणि त्यांत अमेरिकेचा सॅम लॉइड (१८४१–१९११) प्रमुख होता, या युक्तिवादाची मोठी मौज केली. चार खेळ्यांत मात होते ती अशी. पांढरा आपल्या वजिरापुढचें प्यादें दोन घरें सरकवितो. काळाहि तेंच करतो. पांढरा वजिरास दोन घरें पुढें आणतो, काळाहि आणतो. तिसऱ्या खेळीस पांढरा वजीर त्याच आडव्या ओळींतून राजाच्या बाजूच्या शेवटच्या पट्टींत, म्हणजे हत्तीपुढच्या प्याद्याच्या पुढें, जाऊन उभा राहतो. काळा वजीरहि निमूटपणें आपल्या बाजूस तेथेंच जातो. आतां चौथ्या खेळीस पांढरा वजीर तिरक्या रेषेंतून थेट काळ्याच्या घरांत शिरतो आणि वजिराच्या बाजूचा उंट मारून शह देतो. राजास सरकावयास घर नाहीं, मध्यें घालावयास मोहरें नाहीं, मारणाऱ्यास मारणारें कोणी नाहीं. मात झाली.

या डावांतील खरी गंमत मात्र चौथ्या खेळींत नसून तिसऱ्या खेळींत आहे. पांढरा वजीर जेथें जाऊन उभा राहिला तें घर काळ्याच्या त्याच उंटाच्या तोंडीं होतें. मध्यें एकहि मोहरें नव्हतें. काळ्यानें डोळे उघडून पाहिलें असतें तर त्यास फुकटचा वजीर मिळत होता. पण व्रत आड आलें. प्रतिपक्षानें उंट हालविला नाहीं, म्हणून यालाहि उंट हालवितां आला नाहीं; आणि जो उंट वजिरास मारूं शकत होता, तोच पुढच्या खेळीस वजिराकडून मारला गेला. पांढऱ्याची ही चाल एरवीं शुद्ध वेडेपणाची ठरली असती. समोरचा मनुष्य आपलीच नक्कल करणार हें ठाऊक असल्यामुळेंच तो वेडेपणा शहाणपण ठरला. ज्याचें उत्तर आधींच ठरलेलें असतें त्याच्यावर कोणताहि जुगार खेळावयास प्रतिपक्षी मोकळा असतो.

हें उदाहरण कूटप्रश्नाचें म्हणून सोडून द्यावें तर प्रत्यक्ष डावांतलें एक उदाहरण आहे. रशियन खेळाडू अलेक्झांडर पेत्रोव्ह (१७९४–१८६७) याच्या नांवानें ओळखला जाणारा बचाव नकलेनेंच सुरू होतो. दोघेहि राजापुढचें प्यादें दोन घरें टाकतात. दोघेहि राजाच्या बाजूचा घोडा काढतात. पांढऱ्याचा घोडा काळ्याचें मधलें प्यादें मारतो. येथें काळ्यानेंहि लगेच पांढऱ्याचें प्यादें मारलें, तर पांढरा आपला वजीर राजासमोर एक घर पुढें आणून त्या घोड्यावर नेम धरतो. काळ्यानें हीहि नक्कल केली तर पांढरा वजीर घोडा मारतो; काळा वजीरहि समोरचा घोडा मारतो; आणि मग पांढरा वजीर काळ्या वजिराला मारून वर शह देतो. आतां नक्कल कशाची करणार? नक्कल करावयास वजीरच उरला नाहीं. उलट पांढऱ्याच्या वजिराचें भय धरून काळ्यानें घोडा मूळ जागीं परत नेला, तर पांढरा घोडा बाजूस उडतो, त्याच्यामागच्या वजिराचा शह राजास बसतो, आणि उडालेला घोडा काळ्या वजिरास घेऊन जातो.

तरीहि पेत्रोव्हचा बचाव टाकाऊ ठरला नाहीं. मोठमोठ्या स्पर्धांत तो आजहि खेळला जातो. याचें कारण त्यांतील एक लहानशी दुरुस्ती होय. तिसऱ्या खेळीस काळ्यानें प्यादें न मारतां वजिरापुढचें प्यादें एक घर सरकवून आधीं त्या घोड्यास हुसकून लावावें, आणि मग प्यादें घ्यावें. एका खेळीपुरतें अनुकरण सोडलें कीं तोच डाव मजबूत होतो. पेत्रोव्हचा सहकारी कार्ल यानिश यानें १८४२ सालीं या बचावाचें विवेचन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून बुद्धिबळाच्या अभ्यासकांनीं हा धडा गिरविला आहे: नक्कल चालेल, पण ती कोणत्या खेळीस सोडावयाची हें आधीं माहीत असलें पाहिजे.

आतां कोणी विचारील कीं, नक्कल ही मुळांतच दुबळी युक्ति आहे काय? तसें नाहीं. एका वाटोळ्या मेजावर दोघांनीं आळीपाळीनें एकेक रुपया ठेवावा, रुपयावर रुपया चढवूं नये, आणि ज्याला जागा उरणार नाहीं तो हरला, असा खेळ घ्या. पहिल्यानें पहिला रुपया बरोबर मध्यावर ठेवला, आणि पुढें प्रतिपक्षी जेथें ठेवील त्याच्या अगदीं समोर मध्याच्या पलीकडे आपला ठेवला, तर तो कधींहि हरत नाहीं. कारण प्रतिपक्ष्यास जागा सांपडली तर तिची जुळी जागा यालाहि सांपडतेच. ब्रिटिश गणिती जॉन कॉन्वे (१९३७–२०२०) यानें १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत खेळांचें जें शास्त्र मांडलें, त्यांत या युक्तीस मानाचें स्थान आहे. एक खेळ आणि त्याचा उलटा खेळ शेजारीं शेजारीं मांडले, आणि ज्याची खेळी उरणार नाहीं तो हरला असें ठरविलें, तर मागून खेळणारा केवळ नकलेवर जिंकतो. बुद्धिबळाच्या दोन पटांवर दोन निष्णातांशीं एकाच वेळीं खेळणारा नवशिका, एकाची खेळी दुसऱ्यास आणि दुसऱ्याची पहिल्यास पोंचवूं लागला, तर दोन डावांत मिळून त्याचा एक गुण ठरलेलाच; कारण वस्तुतः ते दोघे निष्णात एकमेकांशींच खेळत असतात.

मग एका पटावर ही युक्ति कां फसते? कारण मेजावरचे रुपये एकमेकांस मारीत नाहींत, आणि दोन वेगळे पट एकमेकांस स्पर्श करीत नाहींत. एका पटावर मात्र प्रतिपक्षाची खेळी माझ्या प्रदेशांत शिरते. ती जेव्हां माझ्या एखाद्या मोहऱ्यास मारते, तेव्हां ज्या हातानें नक्कल करावयाची तो हातच तोडला जातो. आणि ती जेव्हां शह देते, तेव्हां मला आधीं माझा राजा वांचवावा लागतो. शहाला शहाची नक्कल हें उत्तर बहुधा होतच नाहीं. थोडक्यांत सांगावयाचें तर, दोन बाजूंचा स्पर्श होईपर्यंतच नक्कल सुरक्षित असते.

आपल्याकडील जुन्या खेळाकडे पाहिलें म्हणजे हा सिद्धांत अधिक स्पष्ट होतो. बुद्धिबळाचा खेळ आपल्या मातींत जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चतुरंगाच्या क्रीडेचें वर्णन आलें आहे. पुढें जी हिंदुस्थानी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तिचे कांहीं नियम आजच्या नियमांहून निराळे होते. प्यादें आरंभींहि एकच घर चाले. आजचा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजीं राजास शह बसलेला नसेल तर आयुष्यांत एकदां घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. शेवटच्या घरीं पोंचलेलें प्यादें बहुधा त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचा दर्जा पावे. एकटा राजा उरला कीं बुर्जी होई, आणि प्यादेमात करणें ही मोठी बहाद्दुरी समजली जाई. प्रांतोप्रांतीं या नियमांत थोडाफार फरक असे.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा फरक मांडणीचा आहे. हिंदुस्थानी रीतींत दोन्ही राजे समोरासमोर नसत. प्रत्येक खेळाडूचा राजा त्याच्या स्वतःच्या उजव्या हातास आणि वजीर डाव्या हातास असे. म्हणून राजासमोर शत्रूचा वजीर येई. युरोपीय मांडणी म्हणजे आरशासमोर बसलेला मनुष्य. आपली मांडणी म्हणजे पाटावर समोरासमोर बसलेलीं दोन माणसें. पहिलींत प्रतिबिंब, तर दुसरींत पट अर्धा फिरविला असतां जुळणारी आकृति. या मांडणींत नक्कल करावयाची ती आरशासारखी नव्हे, तर उजव्यास उजवें आणि डाव्यास डावें अशी फिरवून करावी लागते.

वाचकांनीं पट समोर घेऊन हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पांढऱ्यानें वजिरापुढचें प्यादें एक घर सरकविलें, काळ्यानें आपल्या वजिरापुढचें. पांढऱ्यानें तें आणखी एक घर पुढें नेलें, काळ्यानेंहि नेलें. आतां हीं दोन प्यादीं एका पट्टींत नाहींत. शेजारच्या दोन पट्ट्यांत तिरकीं समोरासमोर आहेत, आणि प्यादें तर तिरकेंच मारतें. तिसऱ्या खेळीस पांढऱ्याचें प्यादें काळ्याच्या प्याद्यास मारतें, आणि व्रत तेथेंच संपतें. युरोपीय मांडणींत हींच प्यादीं तोंडास तोंड लावून मुकाट्यानें अडून बसतात, आणि नकलेस आणखी कांहीं खेळ्यांचें आयुष्य मिळतें. आपल्या जुन्या मांडणींत नक्कल करणाऱ्यास उसंत नव्हती. तिसऱ्या खेळीसच त्यास स्वतःचा विचार करणें भाग पडत असे.

ही मांडणी पुढें मागें पडली, आणि ती मागें पडण्याची खूण आपल्याच प्रांतांत सांपडते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें, आणि त्याच्या मुखपृष्ठावरच तें युरोपीय खेळाच्या रीतीस जुळवून घेतल्याचें नमूद केलेलें होतें. पेशवाई अद्याप बुडावयाची होती. परंतु पटावरचीं मोहरीं त्या आधींच नव्या नियमानें उभीं राहूं लागलीं होतीं. पुढें या नियमांचा प्रसार वाढत गेला. सांगलीस भाऊसाहेब पडसळगीकरांनीं १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिलें. १९५१ सालीं अखिल भारतीय संघटना मद्रासेस उभी राहिली. आणि १९५५ सालीं एलुरु येथें भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेंत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या यांच्याबरोबर संयुक्त विजेते ठरले. आपण परक्यांचे नियम उचलले, हें निर्विवाद आहे. नियमांबरोबर त्यांच्या खेळ्याहि उचलल्या काय, हा प्रश्न वेगळा.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर कलकत्त्यास मिळालें. जॉन कॉक्रेन हा ब्रिटिश बॅरिस्टर त्या काळच्या उत्तम खेळाडूंपैकीं एक होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याची गांठ मोहेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली ब्राह्मणाशीं पडली, आणि पुढें कित्येक वर्षें त्या दोघांचे डाव चालले. मोहेशचंद्र जुन्या रीतींत वाढलेले. प्यादें एक घर सरकविण्याची संवय त्यांच्या हाडींमांसीं खिळलेली. त्या काळीं युरोपांत राजापुढचें प्यादें दोन घरें आलें कीं त्यास तसेंच उत्तर देणें हा शिष्टाचार होता. मोहेशचंद्रांनीं तो पाळला नाहीं. ते घोड्यापुढचें प्यादें एक घर सरकवीत, त्या खिडकींत उंट बसवीत, मध्य प्रतिपक्षास व्यापूं देत, आणि मग त्या मध्यावर दुरून मारा करीत. पुढें ज्यांस ‘इंडियन’ बचाव हें नांव पडलें त्यांचें मूळ या डावांत आहे. १९२० नंतर निम्झोविच, रेती, ग्र्यूनफेल्ड प्रभृति युरोपीय पंडितांनीं अशाच कल्पना शास्त्रशुद्ध करून मांडल्या, तेव्हां त्यांस नवमतवादी म्हटलें गेलें. मोहेशचंद्रांनीं नियम घेतले. प्रतिबिंब होण्याचें नाकारलें. पंजाबचा मीर सुलतान खान हाहि लहानपणीं हिंदुस्थानी रीतच शिकला होता. त्यानें १९२९, १९३२ आणि १९३३ या तीन वर्षीं ब्रिटनचें विजेतेपद मिळविलें, आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेंत कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यास हरविलें.

यावरून नक्कल करणें हेंच पाप, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. बुद्धिबळांतच असा एक प्रसंग आहे कीं जेथें नक्कल ही शहाणपणाची पराकाष्ठा ठरते. डाव संपत आला आहे, पटावर दोन राजे आणि पांढऱ्याचें एकच प्यादें उरलें आहे. दोन राजे एका पट्टींत समोरासमोर, मध्यें एक घर मोकळें, आणि पांढऱ्या राजाच्या लगेच मागें पटाच्या मध्यावर त्याचें तें प्यादें, अशी स्थिति कल्पावी. येथें खेळी पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरींत सुटतो. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. पांढरा राजा डावीकडे सरकला कीं काळ्यानेंहि त्याच बाजूस सरकावें, उजवीकडे सरकला कीं उजवीकडे. त्यास वाट देऊं नये. ही शुद्ध नक्कल आहे, आणि येथें तीच तारक आहे. कारण येथें खेळी करणें हा लाभ नसून भार आहे. ज्याला हालावें लागतें त्याची वाट सुटते.

तेव्हां खरा नियम असा दिसतो. जेथें आधीं खेळणें हें भांडवल असतें तेथें नक्कल करणारा सदैव एका पावलानें मागें राहतो आणि पहिल्याच शहास सांपडतो. जेथें खेळणें हें ओझें असतें तेथें नक्कल करणारा स्वस्थ बसून प्रतिपक्षास दमवितो. आपण कोणत्या प्रकारच्या पटावर उभे आहोंत हें ओळखणें, हीच काय ती विद्या.

आतां सीताबर्डीकडे वळूं. बुद्धिबळ हें युद्धाचेंच चित्र असल्यामुळें ही तुलना ओढून ताणून आणावी लागत नाहीं. गनिमी कावा म्हणजे काय? तर हालण्याचें ओझें शत्रूवर टाकणें. मोंगलांची अवजड छावणी हालली कीं तिची रसद तोडावी, ती थांबली कीं आपण थांबावें, ती लढावयास आली कीं आपण नाहींसें व्हावें. ज्याला हालावें लागतें तो दमतो, या तत्त्वावर तें युद्धशास्त्र उभें होतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पट बदलला. महादजी शिंद्यांनीं सव्हॉयच्या द बॉइन या सेनानीकडून युरोपीय धर्तीच्या कवाइती पलटणी उभारविल्या. तोफा ओतविल्या, आणि बंदुकधारी पायदळास पाऊल जुळवून चालावयास शिकविलें. हें अनुकरण उत्तम दर्जाचें होतें, आणि उत्तर हिंदुस्थानांत त्यानें मोठे विजयहि मिळवून दिले.

१८०३ सालीं दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं दौलतराव शिंद्यांशीं मिळून इंग्रजांशीं युद्ध केलें. २३ सप्टेंबर रोजीं असई येथें शिंद्यांच्या पलटणी व तोफखाना आर्थर वेलस्लीच्या सैन्याशीं भिडले. त्या दिवशीं वेलस्लीचीं दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. नक्कल केवळ दिखाऊ नव्हती, याची ही साक्ष आहे. परंतु त्या पलटणींचे अनेक अधिकारी परके होते. कंपनी सरकारनें शिंद्यांच्या नोकरींतील इंग्रजांस ती सोडण्याचें आवाहन करतांच त्यांतील कित्येक युद्धाच्या तोंडावर निघून गेले. नक्कल करणारा हातच प्रतिपक्षाच्या खिशांत होता. २९ नोव्हेंबरास वऱ्हाडांत अडगांव येथें दुसरा पराभव झाला, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरास देवगांवच्या तहानें नागपूरकरांनीं कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गमाविलें. चौदा वर्षांनीं, १८१७ च्या नोव्हेंबरांत २६ व २७ तारखांस, आप्पासाहेब भोसल्यांचें संख्येनें मोठें सैन्य सीताबर्डीवरच्या लहानशा इंग्रज फौजेस हुसकूं शकलें नाहीं. १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि १८५४ त राज्य खालसा झालें.

या पराभवाची मीमांसा करतांना आपल्याकडे दोन पक्ष पडत आले आहेत. एक म्हणतो, गनिमी कावा सोडून शत्रूची नक्कल केली हीच चूक. दुसरा म्हणतो, नक्कल अर्धवट केली ही चूक. पटावरचा हिशेब पाहिल्यावर दोन्ही मतें अपुरीं वाटतात. पहिल्या पक्षानें वेलस्लीकडे पाहावें. त्याचा जय केवळ पलटणींचा नव्हता. म्हैसूरच्या राज्यांतील अमृतमहालाचे चपळ बैल त्यानें आपल्या रसदेस जोडले होते. नद्या उतरण्यासाठीं नावांची तजवीज आधींच करून ठेविली होती. हैदर व टिपू यांच्या हालचालीचें बळ ज्या बैलांत होतें तेच त्यानें आपल्या गाड्यांस जुंपले. म्हणजे अनुकरण जिंकणाऱ्यानेंहि केलें. फरक इतकाच कीं, त्यानें प्रतिपक्षाची खेळी उचलली नाहीं. प्रतिपक्षाची शक्ति कशांत आहे तें ओळखून ती उचलली, आणि हालण्याचें जें ओझें गनिमी कावा त्याच्यावर टाकूं पाहत होता तेंच हलकें करून घेतलें. दुसऱ्या पक्षानें त्या चार खेळ्यांच्या मातेकडे पाहावें. तेथें नक्कल संपूर्ण होती, तिळमात्र उणी नव्हती. आणि तीच घातक ठरली.

आपल्या लोकांनीं पलटण, तोफ व कवाईत हीं दिसणारीं मोहरीं उचललीं. नियमित पगार, स्वतःच्या मुलुखांतून तयार केलेले अधिकारी आणि एका धोरणानें चालणारें सरदारमंडळ हीं न दिसणारीं बळें होतीं, तीं तशींच राहिलीं. शिंदे व भोसले लढत असतां होळकर बाजूस राहिले, आणि शिंदे-भोसल्यांचा पराभव झाल्यावर १८०४ त एकटे लढले. एका पटावर दोन बाजू समान आहेत असें वाटत होतें. प्रत्यक्षांत एका बाजूचीं मोहरीं तीन निरनिराळ्या हातांत होतीं. अशा स्थितींत खेळी कोणाची नक्कल आहे हा प्रश्नच गौण होतो.

आजच्या नागपुराकडे या दृष्टीनें पाहिलें असतां समाधान वाटतें. रौनक साधवानी यानें २०१९ सालीं, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षीं, ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. संकल्प गुप्ता यानें २०२१ सालीं. दिव्या देशमुख हिचा जन्म २००५ चा. २०२४ सालीं बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्यें सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघांत ती होती. आणि २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जियांतील बाटुमी येथें तिनें महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यांत समोर कोनेरू हंपी होती. दोन्ही संथ डाव बरोबरींत सुटले, पहिला जलद डावहि बरोबरींत सुटला, आणि निर्णय लागला तो दुसऱ्या जलद डावांत. त्या डावांत दिव्याकडे काळीं मोहरीं होतीं, म्हणजे मागून खेळणाऱ्याची बाजू. त्या विजयानेंच तिला ग्रँडमास्टर हा किताबहि मिळाला.

या पिढीचें शिक्षण अनुकरणानेंच होतें, हें विसरतां येत नाहीं. जगांतील थोर खेळाडूंचे हजारों डाव हीं मुलें पाठ करतात. यंत्रानें दाखविलेल्या खेळ्या गिरवितात. पहिल्या दहा-पंधरा खेळ्या तर बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरीच असतात. परंतु त्या संपल्या कीं पुढें पाठांतराचा उपयोग नसतो. घड्याळ चालूं असतें, राजावर शह आलेला असतो, आणि समोरच्यानें काय केलें याची नक्कल करून तो शह निघत नाहीं. आपल्या जुन्या मांडणीनें हा प्रसंग तिसऱ्या खेळीसच आणला होता. नव्या मांडणीनें तो थोडा लांबविला आहे, इतकेंच. घरांत बुद्धिबळाचा पट असेल त्यांनीं मुलांबरोबर दोन्ही मांडण्यांत हें नकलेचें व्रत एकदां तरी खेळून पाहावें. पहिल्या चार खेळ्यांत झालेली मात मूल लवकर विसरत नाहीं, आणि आपला उंट कोठें मारूं शकत होता हें त्यास दुसऱ्या डावापासून आपोआप दिसूं लागतें.